ज्ञानमुद्रा: बोटं, बैठक, श्वास आणि कुठे काय बिघडतं

ज्ञानमुद्रा नेमाने करणाऱ्यांसाठी हा धागा. ‘छान शांत वाटतं’ एवढ्यावर थांबू नका. हात कसा ठेवता, किती वेळ बसता, कुठे घोटाळा होतो, ते लिहा.

गवतीचहा: तर्जनीचं टोक अंगठ्याच्या टोकाला, बाकीची तीन बोटं सरळ पण ताठ नाहीत. मुंगेरच्या (बिहार योग विद्यालयाच्या) परंपरेत तर्जनी आणखी वळवून अंगठ्याच्या मुळाशी टेकवतात. तिथे तळवा खाली असला की ज्ञानमुद्रा, वर असला की चिन्मुद्रा. इतरत्र नावं उलटी ऐकाल, त्यावर वाद घालत बसू नये. खरी गोम दाबाची. नख पांढरं पडलं म्हणजे जोर जास्त झाला. चिमटीत कागदाचा कपटा धरून बघा: पडू नये, चुरगळूही नये. आणि नखं आधी कापा, वाढलेल्या नखांनी पेरं भिडतच नाहीत.

सह्यकडा: तक्रार बोटांची असते, दोष बैठकीचा. गुडघे कमरेच्या वर राहिले की पाठीला पोक येतो, हात गुडघ्यापर्यंत नेताना खांदेही पुढे ओढले जातात. बुडाखाली सतरंजीची ३-४ इंचांची घडी घ्या. हात गुडघ्यावरच हवेत असं काही नाही. आखूड हातांनी मांडीच्या मध्यावर ठेवावेत, कोपर किंचित वाकलेलं. मुंग्या कुठे येतात ते बघा. करंगळी-अनामिकेत आल्या तर कोपर फार वाकलंय किंवा कशावर तरी दाबलं जातंय. अंगठा, तर्जनी, मधलं बोट बधिर होत असेल तर मनगट मुडपलंय. त्याखाली रुमालाची घडी द्या. एवढं करूनही मुंग्या येतच राहिल्या तर डॉक्टरांना दाखवा.

तिन्हीसांज: मुद्रेसोबत श्वास नसेल तर नुसती चिमटी उरते. ४ मोजत आत, ६ मोजत बाहेर, मध्ये रोखायचा नाही. सुरुवात ५ मिनिटांनी, दर आठवड्याला २-३ मिनिटं वाढवत २० पर्यंत. जेवणानंतर ३ तास सोडा. डुलकी लागली की चिमटी आपोआप सुटते, आणि माझ्या मते मुद्रेचा मोठा उपयोग हाच: मन कधी निसटलं ते बोटं सांगतात. अशा वेळी डोळे अर्धवट उघडा आणि पेरं पुन्हा जुळवा. मन फारच भटकत असेल तर पेरांत जाणवणारी नाडीची ठकठक धरून बसा.

ताकपिठा: अंगठा अग्नी, तर्जनी वायू, म्हणून अमुक रोग बरा, असे तक्ते फिरतात. त्यांच्या भरवशावर गोळ्या बंद करू नका. हठयोगप्रदीपिका या जुन्या ग्रंथाच्या तिसऱ्या उपदेशातल्या (म्हणजे प्रकरणातल्या) १० मुद्रा (महामुद्रा, खेचरी, विपरीतकरणी वगैरे) पाहा, बोटांची ही मुद्रा त्यांत नाही. ती दिसते दक्षिणामूर्तीच्या, म्हणजे शिवाच्या गुरुरूपाच्या, हातात. तिथे तर्जनी म्हणजे जीव, अंगठा परमात्मा, आणि बाजूला राहिलेली तीन बोटं तीन गुण. साधना म्हणून करायची तर हा अर्थ मनात धरून बसावं. रोगांच्या यादीपेक्षा तो कितीतरी मोठा आहे.

गवतीचहा: जपाबद्दल एक राहिलं. माळ ओढताना तर्जनी मण्याला लावत नाहीत, त्यामुळे त्या हाताने दोन्ही एकदम जमत नाही. आधी माळ पूर्ण करा, मग मुद्रेत बसा.

सह्यकडा: सांधे दुखणाऱ्यांनी खुर्चीवर बसावं, पावलं पूर्ण जमिनीला टेकवून. तीन बोटं सरळ होत नसतील तर वाकलेलीच राहू द्या, ओढून ताणू नका.