रीटा वेलिणकर म्हणजे चोचले? मग घर कुणाच्या पगारावर चालत होतं?

मोगरा४८:
कडूकारलं यांनी परवा लिहिलं, "चाळिशीला स्वतःचा शोध घेणाऱ्या बायकांच्या कादंबऱ्या म्हणजे भरल्या पोटाचे चोचले, रीटा वेलिणकर त्यातलीच." दोन दिवस डोक्यातून जाईना, म्हणून वेगळा धागा. शांता गोखल्यांची ही कादंबरी १९९० ची. पंचविशीत वाचली तेव्हा मलाही रीटा रडकी वाटली होती. आता अठ्ठेचाळिशीत वाचताना दोनदा पुस्तक मिटून ठेवावं लागलं. अठराव्या वर्षापासून आईबाप आणि धाकट्या बहिणी तिच्या पगारावर. हे चोचले? कोसळून इस्पितळात जाईपर्यंत थांबावं लागतं तिला! आणि सावरायला नवा राजकुमार येत नाही, सरस्वती असते. मैत्रीण.

कडूकारलं:
माझं वाक्य अर्धंच उचललंत. पुढे हेही होतं की साळवीसारख्या लग्न झालेल्या साहेबात वर्षानुवर्षं गुंतायचं आणि मग कोसळायचं, याला पुनर्जन्म म्हणू नका. साळवीच्या बायकोची कादंबरी कोण लिहिणार?

भाकरतुकडा:
मला कविता महाजनांची 'ब्र' जवळची. प्रफुल्ला घर सोडते आणि थेट आदिवासी पाड्यांवर, पंचायतीतल्या बायकांमध्ये जाते. रीटाचं सगळं डोक्यातल्या डोक्यात.

मोगरा४८:
डोकंच बिघडलंय तिचं, मग कुठे असणार?

नाना_सातारकर:
पुस्तक वाचलं नाही, सिनेमा पाहिलाय. पल्लवी जोशी छान. एक शंका. एवढा पगार घातला, तर घर कुणाच्या नावावर? आमच्याकडे असले प्रश्न नाहीत. २०१६ ला दोन्ही बहिणींनी आनंदाने हक्कसोडपत्र दिलं.

भाकरतुकडा:
"आनंदाने"! मीही दिलंय, दोनशेच्या स्टँपवर. भाऊ म्हणाला, फक्त फॉर्मॅलिटी. वहिनीने त्या दिवशी भरीत केलं होतं. तेव्हापासून मला वांगं जात नाही.

नाना_सातारकर:
ताई, बहिणींची लग्नं, बाळंतपणं कुणी केली? कर्ज काढून केलीत.

कडूकारलं:
नाना, लग्नाचा खर्च म्हणजे वाटणी नव्हे. वडिलोपार्जितात महाराष्ट्राने मुलींना १९९४ लाच बरोबरीचा हक्क दिलाय. (मी मोगराच्या बाजूने नाही, गैरसमज नको.)

नाना_सातारकर:
त्यात आधी लग्न झालेल्या मुली नव्हत्या. आमच्या थोरलीचं ८९ ला झालं. अर्धवट माहिती देऊ नये.

कडूकारलं:
२००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीत ती अट गेली. तेव्हा वडील हयात असायला हवेत हा मुद्दाही सुप्रीम कोर्टाने २०२० ला निकालात काढला. अर्धवट कोण ते बघा.

नाना_सातारकर:
म्हणजे भाऊबीजेला निरांजनाऐवजी समन्स ओवाळायचं? तुमच्यासारख्यांनीच घरं फोडली.

भाकरतुकडा:
घरं सह्यांनी फुटतात हो, आवाज उशिरा येतो एवढंच.

मोगरा४८:
हा धागा रीटाचा आहे!!

जाईजुई:
रीटाचंच सांगते. माझ्या मावशीने चौतीस वर्षं नोकरी करून तीन भावंडांची लग्नं लावली. डोंबिवलीचा ब्लॉक मामाच्या नावावर, कारण "तुझ्या मागे आहे कोण". बावन्नाव्या वर्षी तिने व्हीआरएस घेतली, भाड्याची खोली बघितली आणि पोहायला शिकली. मामा अजून सांगत फिरतो, हिचं डोकं फिरलंय.

कडूकारलं:
मावशींपुरतं 'चोचले' मागे घेतो. रीटापुरतं नाही. साळवीच्या बायकोबद्दल कुणी चकार शब्द काढलेला नाही, याची नोंद घ्यावी.

मोगरा४८:
घेतली. कितव्या पानावर सोडलंत पुस्तक?

कडूकारलं:
साठ. लायब्ररीची तारीख संपली होती.

मोगरा४८:
धन्य.

नाना_सातारकर:
तुमच्यामुळे थोरलीला फोन लावला. म्हटलं, सांग यांना, सही आनंदाने केलीस ना? वीस मिनिटं झाली. फोन स्पीकरवर ठेवलाय, बायको ऐकतेय, मी गॅलरीत आहे.