२००७ चं विलीनीकरण : इंडियन एअरलाइन्सला वेगळं ठेवायला हवं होतं का?

आकाशगामी

टाटांनी १२ नोव्हेंबर २०२४ ला आपली दुसरी विमान कंपनी व्हिस्तारा एअर इंडियात विलीन केली. तेव्हापासून एक वाक्य सतत कानावर येतंय, की २००७ च्या विलीनीकरणाची कल्पना चांगलीच होती, सरकारला ती राबवता आली नाही एवढंच. मला हे अजिबात पटत नाही. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स एकत्र करणं हा निर्णयच चुकीचा होता. उत्तम राबवला असता तरी हाती फारसं काही लागलं नसतं.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात मागचं सांगतो. १९५३ मध्ये राष्ट्रीयीकरण झालं तेव्हा विचारपूर्वक दोन महामंडळं केली गेली, परदेशी मार्गांसाठी एअर इंडिया आणि देशांतर्गत सेवेसाठी इंडियन एअरलाइन्स. १९९० च्या दशकात खासगी कंपन्यांना दार उघडलं, १९९४ ला सरकारी मक्तेदारीचा जुना कायदा रद्द झाला. जेट, सहारा, दमानिया, मोदीलुफ्त आल्या, त्यातल्या बऱ्याच गेल्याही. खरी धडक नंतरची. २००३ ला एअर डेक्कन, २००५ ला किंगफिशर, स्पाइसजेट आणि गोएअर, २००६ ला इंडिगो. २००७ मध्ये जेटने सहारा १,४५० कोटींना विकत घेतली आणि किंगफिशरने डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. सगळे मोठे होत आहेत तर आपणही मोठं व्हायला हवं, असं सरकारने ठरवलं. मार्चमध्ये मंत्रिमंडळाची मंजुरी, त्याच महिन्यात 'नॅसिल' नावाची नवी कंपनी, ऑगस्टमध्ये विलीनीकरण पूर्ण.

आता प्रश्न असा, की इंडियन एअरलाइन्स खासगी कंपन्यांपुढे कशात कमी पडत होती? आकारात नक्कीच नाही. ती मागे पडत होती दर आसनामागच्या खर्चात, विमान उतरल्यावर पुन्हा उडवायला लागणाऱ्या वेळात आणि निर्णयाच्या वेगात. भाडं बदलायचं, नवा मार्ग धरायचा, तोट्यातला मार्ग सोडायचा, प्रत्येक गोष्टीत मंत्रालयाकडे बघावं लागे. यातलं एकही दुखणं मोठं होऊन बरं होणारं नव्हतं.

शिवाय जोडलं काय कशाला? इंडियन एअरलाइन्सचा ताफा मुख्यतः एअरबसचा, एअर इंडियाचा मुख्यतः बोइंगचा. पायलट एकमेकांची विमानं उडवू शकत नाहीत. सुटे भाग वेगळे, सिम्युलेटर वेगळे, अभियंत्यांचे परवाने वेगळे. त्याच काळात इंडिगो एकाच प्रकारच्या विमानावर सगळा धंदा उभा करत होती. आपण नेमकं उलट केलं.

विलीनीकरणाच्या आदल्या वर्षी, २००६-०७ मध्ये, दोन्ही कंपन्यांचा मिळून तोटा साधारण ७७० कोटी होता. २००७-०८ ला तो २,२२६ कोटी झाला, २००८-०९ ला ५,५४८ कोटी.

माझं म्हणणं असं : इंडियन एअरलाइन्सला वेगळं ठेवून तिच्या संचालक मंडळाला मोकळीक द्यायची, शेअर बाजारात आणायची, आणि एअर इंडियाशी फक्त तिकिटांची व वेळापत्रकाची जोडणी करायची. २००४ मध्ये एअर फ्रान्स आणि केएलएम एका छत्राखाली आल्या, पण दोघींची नावं, विमानं, कर्मचारी आजही वेगळे आहेत. ही वाट आपल्यासमोर होती.

ताळेबंद

आकडे बरोबर आहेत, पण त्यांचा दोष तुम्ही भलत्याच्या माथी मारताय.

२००८ च्या जुलैमध्ये कच्चं तेल पिंपामागे १४७ डॉलरपर्यंत गेलं आणि पाठोपाठ जगभर मंदी आली. त्या दोन वर्षांत जेट आणि किंगफिशरही मोठ्या तोट्यात होत्या. दुसरं, १११ विमानांची मागणी विलीनीकरणाच्या आधीच नोंदवली गेली होती : एअर इंडियाची ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्सची ४३ एअरबस. ती बहुतांश कर्जावर. म्हणजे कंपन्या वेगळ्या राहिल्या असत्या तरी व्याज चुकत नव्हतं. ४३ विमानांचं कर्ज डोक्यावर घेऊन एकटी इंडियन एअरलाइन्स तेव्हाच्या इंडिगोसमोर उभी राहिली असती, तर २०१२ मध्ये किंगफिशर जशी कर्जात बुडून बंद पडली तशीच तीही पडली असती.

आणि एअर इंडियाचं काय? देशातल्या शहरांमधून प्रवासी गोळा करून देणारी स्वतःची सेवाच नसेल तर लांब पल्ल्याचं विमान भरणार कसं? आखाती कंपन्या कोची, हैदराबाद, अहमदाबादहून प्रवासी थेट उचलून दुबईमार्गे लंडन-न्यूयॉर्कला नेत होत्या. त्यांना तोंड द्यायचं तर देशांतर्गत जाळं आणि परदेशी मार्ग एकाच हातात हवेत. चीनने २००२ मध्ये आपल्या नऊ सरकारी विमान कंपन्या तीन गटांत एकत्र केल्या, एअर चायना, चायना ईस्टर्न आणि चायना सदर्न. त्या तिन्ही आज जगातल्या मोठ्या कंपन्यांत गणल्या जातात.

दोन कंपन्यांचं सहजीवन गोड होतं असंही समजू नका. आखाती मार्गांवर इंडियन एअरलाइन्स उडायची, एअर इंडियाही उडायची आणि २००५ पासून एअर इंडिया एक्सप्रेससुद्धा. मालक एकच, भारत सरकार, आणि त्याच्याच तीन कंपन्या एकाच प्रवाशामागे. ही उधळपट्टी थांबवायला हवीच होती.

हँगरवाला

दोघंही वरून बघताय. खाली, विमानतळावर काय झालं ते बघा.

ताळेबंद म्हणतात त्या जोडणीसाठी प्रवासी एका विमानातून उतरून दुसऱ्यात सहज चढला पाहिजे. मुंबईत देशांतर्गत विमानं सांताक्रूझला आणि परदेशी सहारला. एअर इंडियाची देशांतर्गत सेवा सहारच्या टी-टू टर्मिनलमध्ये आली २०१५ साली, म्हणजे विलीनीकरणानंतर आठ वर्षांनी. दिल्लीत टी-थ्री २०१० मध्ये सुरू झालं तेव्हा कुठे तिथे सोय झाली. आरक्षणाची यंत्रणाही २०११ पर्यंत एक नव्हती, 'आयसी' आणि 'एआय' अशी दोन सांकेतिक नावं सुरूच होती. कागदावर एक कंपनी, काउंटरवर दोन.

स्टार अलायन्स या जगभरच्या विमान कंपन्यांच्या गटाचं निमंत्रण डिसेंबर २००७ मध्ये आलं होतं. एकीकरणाची कामं रखडल्यामुळे २०११ मध्ये ती प्रक्रिया थांबवली गेली आणि प्रत्यक्ष प्रवेश जुलै २०१४ मध्ये मिळाला. तोवर परदेशी जाणाऱ्या प्रवाशाला आखाती कंपन्यांची सवय झाली होती.

पण सगळ्यात मोठी जखम माणसांची. दोन कंपन्यांचे पगार, भत्ते, बढतीचे नियम, सेवाज्येष्ठतेच्या याद्या वेगवेगळ्या, आणि हे जुळवायचं कसं हे न ठरवताच विलीनीकरण केलं. इंडियन एअरलाइन्सचे पायलट एप्रिल-मे २०११ मध्ये समान वेतनासाठी संपावर गेले. पुढच्या वर्षी एअर इंडियाच्या जुन्या पायलटांचा संप झाला तो ५८ दिवस चालला, कारण नव्या ड्रीमलायनरचं (बोइंग ७८७) प्रशिक्षण दुसऱ्या बाजूच्या पायलटांना द्यायलाही त्यांचा विरोध होता. हे सगळं जुळवायला न्यायमूर्ती धर्माधिकारी समिती नेमली गेली २०११ मध्ये, तिचा अहवाल आला २०१२ मध्ये. हे काम २००६ मध्ये व्हायला हवं होतं.

पायलटांना लोकांनी तेव्हा खूप शिव्या घातल्या. मला ते अन्यायाचं वाटतं. पायलटचं सगळं करिअर ज्येष्ठतेच्या यादीतल्या क्रमांकावर उभं असतं. कमांडर कधी होणार, मोठ्या विमानावर कधी जाणार, पगार किती, सगळं त्या क्रमांकावर. तो क्रमांक उद्या कुठे जाईल हे कुणी सांगतच नसेल, तर माणूस लढणारच.

साधा प्रवासी

एक मुद्दा राहतोय. सरकारी विमान कंपनी फक्त नफ्यासाठी नव्हती. १९९० मध्ये कुवेतवर इराकने हल्ला केला तेव्हा अम्मानहून लाखाहून अधिक भारतीयांना परत आणलं ते आपल्याच विमानांनी. ईशान्येतल्या छोट्या गावांना विमान दिसलं ते सरकारी कंपनीमुळे. खासगी कंपन्यांशी स्पर्धा हाच निकष लावला तर या सगळ्याची किंमत शून्य धरावी लागेल. मग विलीनीकरण चूक की बरोबर हे ठरवायचं तरी कशावर?

ताळेबंद

@साधा प्रवासी, संकटकाळी माणसं आणायला कंपनी सरकारीच असावी लागते असं नाही. एअर इंडिया टाटांकडे गेली २७ जानेवारी २०२२ ला. जेमतेम महिनाभरात युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि विद्यार्थ्यांना आणायला हवाई दलाबरोबर एअर इंडिया, इंडिगो, स्पाइसजेट सगळ्या उडाल्या. सरकारने पैसे मोजून सेवा घ्यावी. दूरच्या गावांनाही तसंच उघड अनुदान द्यावं. सामाजिक काम ताळेबंदात लपवलं की तोटा अकार्यक्षमतेचा किती आणि सेवेचा किती, हे कुणालाच कळत नाही.

@हँगरवाला, तुमचा प्रत्येक मुद्दा मान्य. फक्त तो माझ्या बाजूचा आहे. टर्मिनल, आरक्षण, ज्येष्ठता ही सगळी राबवण्यातली चूक. सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने २०११ च्या अहवालात हेच म्हटलं, की विलीनीकरण करायचं होतं तर ते विमानखरेदीच्या आधी करायला हवं होतं, म्हणजे ताफा एकत्र ठरवता आला असता.

आकाशगामी

कॅगच्या त्याच अहवालात हेही आहे, की विलीनीकरणाचं आर्थिक गणित आधी नीट तपासलंच गेलं नव्हतं. याला मी राबवण्यातली चूक म्हणणार नाही.

कर्ज आधीचं होतं हे खरं, पण कोणतं कर्ज कोणाचं होतं तेही बघू. एअर इंडियाचा मूळ प्रस्ताव २८ विमानांचा होता, तो २००४ मध्येच ६८ वर नेला गेला. त्यात ८ बोइंग ७७७-२०० एलआर होती. भारतातून अमेरिकेला न थांबता जाणारी, प्रचंड इंधन पिणारी विमानं. त्यातली ५ पुढे अबुधाबीच्या एतिहाद कंपनीला विकावी लागली. याउलट इंडियन एअरलाइन्सने मागवलेली ४३ ही सगळी ए३१९, ए३२० आणि ए३२१, म्हणजे ज्या प्रकारच्या विमानांवर इंडिगो मोठी झाली नेमकी ती. योग्य बाजारासाठी योग्य विमानं घेणारी कंपनी दुसरीच्या कर्जाला बांधली गेली. माझी मुख्य तक्रार हीच आहे.

चीनचं उदाहरण इथे लागू नाही. तिथल्या तिन्ही गटांकडे आधीपासून देशांतर्गत आणि परदेशी दोन्ही मार्ग होते, आणि खासगी स्पर्धा जवळजवळ नव्हती. आपण नेमकं खासगी कंपन्यांशी लढायला म्हणून एकत्र आलो होतो.

आखातात तीन कंपन्या एकमेकींवर उडत होत्या हे मात्र वाईट होतं, यात वाद नाही. पण त्यासाठी मार्ग वाटून द्यायला एक बैठक पुरली असती.

उत्तरायण

या सगळ्यात सरकारची एक जुनी सवय दिसते. वायुदूत आठवते का? १९८१ मध्ये ईशान्येसाठी सुरू झाली, राजकीय मागण्यांपोटी जिथे तिथे उडवली, कर्जात बुडाली. मग १९९३ मध्ये तिला इंडियन एअरलाइन्समध्ये ढकललं. आजारी कंपनी नजरेआड झाली, तिचा बोजा मात्र धडधाकट कंपनीच्या खांद्यावर आला. २००७ मध्ये तेच मोठ्या प्रमाणावर झालं. त्यानंतर २०१२ मध्ये सुमारे ३०,००० कोटींचं पुनरुज्जीवन पॅकेज. २०१८ मध्ये ७६ टक्के हिस्सा विकायला काढला तर एकही बोली आली नाही. शेवटी २०२१ मध्ये टाटांची १८,००० कोटींची बोली मान्य झाली तेव्हा एकूण कर्ज होतं ६१,५६२ कोटी. त्यातलं १५,३०० कोटी टाटांनी उचललं, उरलेलं ४६,२६२ कोटी सरकारच्या एका वेगळ्या कंपनीकडे वळवलं, म्हणजे ते आपण फेडणार.

मुंबईत नरिमन पॉइंटची एअर इंडियाची इमारत महाराष्ट्र सरकारला १,६०१ कोटींना द्यायला २०२४ मध्ये केंद्राने मंजुरी दिली. ती बातमी वाचून मला फार वाईट वाटलं. मुख्यालय २०१३ मध्येच दिल्लीला गेलं होतं, तरी ती इमारत आपली वाटायची.

विलीनीकरण चूक की राबवणं चूक, हा वाद मला त्यामुळे अपुरा वाटतो. मालक तोच राहिला, मंत्रालय तेच राहिलं. आत एक कंपनी असो की दोन, भाडं आणि मार्ग दिल्लीतच ठरणार होते.

हँगरवाला

उत्तरायण, मालक बदलला की सगळं सुटतं असंही नाही. एप्रिल २०२४ मध्ये व्हिस्ताराची विमानं मोठ्या संख्येने रद्द झाली ती आठवा. विलीनीकरणाआधी पगाराची नवी रचना लागू केली म्हणून पायलट नाराज होते. कंपनी खासगी, व्यवस्थापन व्यावसायिक, तरी दुखणं तेच.

ताळेबंद

पण फरक बघा. तिथे पगाराचा तो वाद विलीनीकरणाच्या काही महिने आधी ऐरणीवर आला, व्यवस्थापन आधी बोललं आणि मग नोव्हेंबरमध्ये कंपन्या एक झाल्या. २००७ मध्ये आधी एक झाल्या आणि ज्येष्ठतेवर समितीचा अहवाल आला पाच वर्षांनी. त्यामुळेच मी क्रमाचा मुद्दा सोडत नाही.

आकाशगामी

आणि व्हिस्ताराची ७० च्या आसपास विमानं मुख्यतः ए३२० कुटुंबातली आणि ७८७, म्हणजे एअर इंडियाकडे आधीच होती तीच. तिथे पायलट, सुटे भाग, सिम्युलेटर सगळं खरोखर एकत्र वापरता येतं. २००७ मध्ये क्रम तुम्ही म्हणता तसा अचूक ठेवला असता, तरी ए३२० चा पायलट ७७७ वर बसवता आला नसता. त्या दोन ताफ्यांमधून नेमकी कोणती बचत निघणार होती, ते विलीनीकरणाच्या बाजूच्या कुणीतरी इथे मांडावं. मी मनापासून वाचेन.