पश्तोत 'टेलिफोन'चा 'टेलिपून' होतो, त्यात चुकलं काय?

रानवारा: पश्तो ही अफगाणिस्तान आणि पाकिस्तानातल्या पठाणांची (पश्तूनांची) भाषा. पठाण माणूस 'फ़'च्या (इंग्रजी f) जागी 'प' म्हणतो, म्हणून लोक त्याच्या इंग्रजीला नावं ठेवतात. मला हे अजिबात पटत नाही. पश्तोच्या मूळ ध्वनींत 'फ़' नाहीच. अरबीतून आलेल्या 'फिक्र'चा 'पिकर' आणि 'सफर'चा 'सपर' तिथे बोलताना सर्रास होतो, इंग्रजी शब्दही त्याच वाटेने गेले. आणि हीच जीभ 'स्कूल' अगदी स्वच्छ म्हणते! उर्दू बोलणारे पुष्कळ जण 'इस्कूल' म्हणतात, कारण सुरुवातीचं जोडाक्षर त्यांना जड जातं. पश्तोत 'स्तडे मा शे' (थकू नका) हा रोजचा रामराम आहे, तिथे 'स्क'ची काय अडचण?

माळरान: उच्चार राहू द्या हो, मुळात उसने शब्द हवेतच कशाला? अफगाणिस्तानात विद्यापीठाला 'पोहन्तून' हा घडवलेला शब्द रुळलाय. पाकिस्तानात पेशावरकडे मात्र 'युनिव्हर्सिटी'च. तिथलं शिक्षण बहुतेक उर्दू-इंग्रजीतून, त्याचा हा परिणाम. भाषेला शाळेत जागा दिली नाही की असंच व्हायचं.

रानवारा: शाळेचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण 'डाकटर' आणि 'मोटर' सीमेच्या दोन्ही बाजूंना आहेत, आणि त्यांतले ट-ड आपल्यासारखेच मूर्धन्य (जीभ मागे वळवून म्हटलेले). (गंमत म्हणजे आपण 'तिकीट' म्हणतो, ते 'टिकट'.) अनेकवचन बघा: माणूस म्हणून 'डाकटरान', निर्जीव म्हणून 'मोटरूना'. लॉरी तर 'लारइ' असा पश्तो शेवट घेऊन स्त्रीलिंगी झाली. ज्या शब्दाला पश्तो व्याकरण लागू झालं, त्याला परका कसं म्हणायचं?

सायली_क: कागदावर ठीक आहे. शिकलेले पश्तून 'फ़' नीट उच्चारतात, लिपीत ते अक्षरही आहे. 'प' म्हणणाऱ्या मुलाला मुलाखतीत लोक अडाणी समजतात. त्याचं नुकसान कोण भरून देणार?

रानवारा: सायलीताई, मुलाखत इंग्रजीत असेल तर इंग्रजी उच्चार जरूर शिकवावेत. पण घरी पश्तो बोलताना त्याला कुणी का टोकावं? 'टेलिपून' तर 'पे' अक्षराने लिहिलेलाही सापडतो.

सायली_क: टोकू नये हे बरोबर. पण शाळेत दोन्ही उच्चार कानावर पडायला हवेत, नाहीतर निवड करायची संधी फक्त शहरातल्या मुलांनाच मिळते.

माळरान: आणि त्यासाठी आधी शाळा पश्तोत हवी. मी तिथेच अडून बसणार.