नव्या विंडोज ११ वर मराठी आणि कन्नड, दोन्ही कामे नीट बसवायची आहेत

खानापूरकर

नमस्कार मंडळी. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापुरात माझे झेरॉक्स आणि टायपिंगचे लहान दुकान आहे. तहसील कचेरी आणि तालुका पंचायतीचे अर्ज कन्नडमध्ये, तर लग्नपत्रिका, सप्ताहाचे फलक आणि मंडळांच्या सभेच्या नोटिसा मराठीत, असे दोन्हीकडचे काम एकाच संगणकावर चालते. विंडोज १० चा मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा नेहमीचा आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, म्हणून मी दुरुस्तीवाल्याकडून जुन्या हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून त्यावर विंडोज ११ नव्याने घालून घेतले. पूर्वी संगणक सुरू होईपर्यंत चहा पिऊन व्हायचा, आता चहा येण्याआधीच पडदा उजळतो. त्याबाबत तक्रार नाही.

तक्रार आहे ती कागदपत्रांची. कन्नड अर्जांचे जुने नमुने उघडले की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हे यांचा काला दिसतो. मंगल फॉन्टमधला स्वयंघोषणापत्राचा नमुना वर्षानुवर्षे एका पानात बसत होता, त्यातली 'अर्जदाराची सही' ही एकच ओळ आता दुसऱ्या पानावर जाऊन बसली आहे. शिवाय मराठीतून कन्नडमध्ये जाताना कीबोर्ड कोणत्या भाषेत आहे याचा पत्ता लागत नाही आणि अर्धी ओळ खोडावी लागते. हे कसे सुधारावे, आणि या नव्या प्रणालीतून दोन भाषांच्या कामासाठी आणखी काय पदरात पाडून घेता येईल? खालच्या पट्टीवरची मध्यभागी गेलेली चित्रे डावीकडे आणायला भाचीने शिकवले आहे, पण तेवढ्यावर समाधान मानणे जिवावर येते.

शहापूर डीटीपी

खानापूरकर भाऊ, आधी एक सांगा, जुनी हार्ड डिस्क तुमच्याकडेच आहे ना? ती फॉरमॅट करू नका आणि बदल्यात कोणाला देऊही नका, कारण तुमचे हरवलेले फॉन्ट तिच्यावरच आहेत.

कन्नड नमुने बहुधा नुडी किंवा बरह या कन्नड टायपिंगच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये असणार. अशा फॉन्टमध्ये इंग्रजी अक्षराच्या जागेवर कन्नड अक्षराचे चित्र बसवलेले असते. फॉन्ट गेला की चित्र जाते आणि खालचे इंग्रजी अक्षर उघडे पडते. मजकूर बिघडलेला नाही, त्याचे कपडे तेवढे हरवले आहेत. जुनी डिस्क यूएसबी केसमध्ये घालून जोडावी आणि तिच्यावरील विंडोज फोल्डरमधल्या फॉन्ट्स या फोल्डरातून हव्या त्या फाइली नव्या डिस्कवर घ्याव्यात. तिथे एखादा सापडला नाही, तर तुमच्या जुन्या खात्याच्या अ‍ॅपडेटा, लोकल, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स या वाटेने पाहावे, कारण एकाच खात्यापुरता बसवलेला फॉन्ट तिथे जातो. नव्या संगणकावर फॉन्टच्या फाइलीवर उजवी क्लिक करून 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' हाच पर्याय घ्यावा. नुसते इन्स्टॉल केले तर पानरचनेच्या काही जुन्या सॉफ्टवेअरना तो फॉन्ट दिसतच नाही. यात माझी एक अख्खी दुपार गेलेली आहे.

मंगलची गोष्ट वेगळी आहे. विंडोज नव्याने घातले की देवनागरीसाठी निर्मला यूआय हा फॉन्ट येतो, पण मंगल आपोआप येईलच असे नाही. मंगल नसला की वर्ड त्याच्या जागी दुसरा फॉन्ट वापरतो, अक्षरांची रुंदी आणि ओळींतले अंतर बदलते आणि तुमची सही खाली घसरते. सेटिंग्जच्या शोधपट्टीत 'ऑप्शनल फीचर्स' शोधावे आणि तिथून 'देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स' घालावेत. कन्नडचा तुंगा फॉन्ट हवा असेल तर 'कन्नड सप्लिमेंटल फॉन्ट्स' हा वेगळा संच तिथेच मिळतो. यासाठी इंटरनेट लागते.

निपाणीचा मास्तर

फॉन्टचे वर आलेच आहे, मी कीबोर्डचे सांगतो, कारण दोन भाषांत काम करणाऱ्याला नव्या विंडोजचा खरा लाभ तिथे आहे असे माझे मत आहे. सेटिंग्जच्या 'टाइम अँड लँग्वेज' मध्ये मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा जोडाव्यात. विंडोज की धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते. त्यानंतर 'टायपिंग' मधील 'अ‍ॅडव्हान्स्ड कीबोर्ड सेटिंग्ज' मध्ये प्रत्येक खिडकीसाठी वेगळी इनपुट पद्धत वापरण्याची चौकट असते, तिच्यात टिचकी मारावी. मग अर्जाची खिडकी कन्नडमध्ये आणि नोटिशीची मराठीत राहते, आणि इकडून तिकडे गेले की कीबोर्डही सोबत बदलतो. अर्धी ओळ खोडण्याचे तुमचे दुखणे यानेच बरे होईल.

मराठी आणि कन्नड, दोन्हींसाठी फोनेटिक, म्हणजे उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरे दाबून लिहिण्याचा कीबोर्ड विंडोजमध्येच असतो आणि नवशिक्याला तो सोपा वाटतो. मात्र ज्याला रोज दोन लिप्या टाइप करायच्या आहेत त्याने इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी शिकावी, असा माझा आग्रह आहे. भारतीय लिप्यांसाठी एकच मांडणी असावी म्हणून ती ठरवलेली असून आयएस १३१९४ : १९९१ या भारतीय मानकात तिचा समावेश आहे. के या कळीवर मराठीत क येतो आणि कन्नडमध्येही कन्नड क येतो. एल वर दोन्हीकडे त. म्हणजे बोटांना एकदाच शिकवावे लागते.

मराठीची एक खोच येथेच सांगून ठेवतो. 'तऱ्हा' शब्दातला अर्धा र अनेकांना जमत नाही आणि ते 'तर्हा' लिहून मोकळे होतात. इनस्क्रिप्टमध्ये नुसता जे दाबला की साधा र येतो, शिफ्ट धरून जे दाबला की नुक्त्याचा ऱ. म्हणून एल, शिफ्ट-जे, हलन्तासाठी डी, ह साठी यू आणि कान्यासाठी ई, अशा पाच कळांत 'तऱ्हा' शुद्ध उमटतो.

पत्र लांबलचक असेल तर मराठी कीबोर्ड निवडून विंडोज आणि एच दाबावे आणि बोलून लिहावे. इंटरनेट मात्र हवे, आणि गावांची व माणसांची नावे डोळ्यांखालून घालावीतच.

जांबोटी रस्ता

वरच्या दोघांशी सहमत आहे, दोन गोष्टींची भर घालतो. विंडोज आणि व्ही दाबले की कॉपी केलेल्या मागील २५ गोष्टींची यादी उघडते. पहिल्या वेळी ती सुरू करावी लागते. 'मा. तहसीलदार, खानापूर यांस' सारख्या ओळी दोन्ही भाषांत तिथे पिन करून ठेवाव्यात, त्या संगणक बंद केला तरी राहतात. पण हीच सोय अंगलट येऊ शकते. गिऱ्हाइकाचा आधार क्रमांक कॉपी केला की तोही त्या यादीत बसतो, म्हणून काम झाल्यावर 'क्लिअर ऑल' करावे. डाउनलोड्स फोल्डरात लोकांच्या कागदपत्रांचा ढीग साठतो, त्यासाठी 'स्टोरेज सेन्स' मध्ये १४ दिवस न उघडलेल्या फाइली काढून टाकण्याची सूचना देता येते. आपल्याला ठेवायचे असेल ते आधी दुसरीकडे हलवावे.

दुसरे असे की, कणकुंबी-जांबोटीच्या पट्ट्यात पावसाळ्यात वीज कधी जाईल याचा नेम नसतो, आणि अपडेट बसत असताना वीज जाणे फार वाईट. यूपीएस नसेल तर अपडेट पाच आठवड्यांपर्यंत थांबवून ठेवता येतात. एखाद्या निवांत, उघडीप असलेल्या दिवशी ते करून घ्यावेत. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालवत असाल तर ते नेटवर्क 'मीटर्ड' करावे, म्हणजे बरीचशी मोठी डाउनलोड्स परस्पर सुरू होणार नाहीत.

शहापूर डीटीपी

एक राहिले. सेटिंग्जमधील 'सर्चिंग विंडोज' मध्ये 'एनहान्स्ड' निवडले की डी ड्राइव्हसह सगळ्या फाइलींच्या आतला मजकूर शोधता येतो, आणि तोही मराठीत. अट एवढीच की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा वेगळा क्रमांक देणाऱ्या पद्धतीत हवा. जुन्या फॉन्टमधल्या फाइली त्यात सापडणार नाहीत, कारण संगणकाच्या लेखी ती इंग्रजी अक्षरेच आहेत.

खानापूरकर

सर्वांचे आभार. जुनी डिस्क कपाटातच होती. तिच्यावरून फॉन्ट घेतले, कन्नड नमुने पूर्ववत झाले, आणि मंगल घातल्यावर सही पहिल्या पानावर परत आली. रात्रभर सर्च चालू ठेवून सकाळी 'सप्ताह' शोधले तर तीन फलक सापडले. चौथा २०१६ चा आहे हे मला ठाऊक आहे, पण तो जुन्या फॉन्टमध्ये असल्याने आला नाही. दुपारी दुकानात गर्दी नसते तेव्हा तो युनिकोडमध्ये पुन्हा टाइप करायला घेतो. मास्तर, 'गिऱ्हाईक' हा शब्द मी आत्ता इनस्क्रिप्टवरच टाइप केला आहे, फक्त जे दाबताना शिफ्ट दोनदा विसरलो.