मदत हवी आहे: ओपनस्टॅकमधल्या व्हीएमला ऑफिसातून पिंग जात नाही

मकरपुराकर:
नमस्कार मंडळी, आमचं बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) व्हॉल्व्हचं युनिट आहे. क्लाऊडचं बिल वाढतच चाललंय, त्यात डॉलर वर गेला की अजून फटका, म्हणून शेठ म्हणाले आपलंच क्लाऊड उभं करू, सॉफ्टवेअर तर फुकट मिळतं. स्वतःचं क्लाऊड उभं करायचं ओपनस्टॅक टाकलं, डॅशबोर्ड उघडतो, व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारी आभासी मशीन) ॲक्टिव्ह दाखवते, फ्लोटिंग आयपीपण (बाहेरून व्हीएमपर्यंत पोचायचा पत्ता) दिला, तरी ऑफिसातल्या एकाही पीसीवरून पिंग जात नाही. सोमवारी शेठना दाखवायचंय, कुणीतरी पटकन सांगा.

रावपुरा_नेट:
सर्व्हर किती, नेटवर्क कार्ड किती, इन्स्टॉल कशाने केलं? सिक्युरिटी ग्रुपमध्ये (म्हणजे व्हीएमच्या फायरवॉलमध्ये) आयसीएमपी उघडलंय का, पिंग त्याच्यावरच चालतो? डीफॉल्ट ग्रुप बाहेरून येणारं सगळं अडवतो, व्हीएम ॲक्टिव्ह असली तरी.

मकरपुराकर:
आयसीएमपी आणि पोर्ट २२ दोन्ही उघडलेत. सर्व्हर चांगला आहे हो, भानगड नेटवर्कचीच आहे.

दांडियाबाजार:
ओपनस्टॅक कशाला घेऊन बसलात? प्रॉक्समॉक्स टाका, एका सर्व्हरवर अनेक व्हीएम चालवायचं सॉफ्टवेअर. डेबियन लिनक्सवर चालतं, आयएसओवरून अर्ध्या तासात उभं राहतं, ब्राउझरमधून सगळं दिसतं. आमच्याकडे व्यवस्थित चाललंय.

खुलास्रोत:
@दांडियाबाजार, साहेब, ते व्हर्च्युअलायझेशन झालं, क्लाऊड नाही. क्लाऊड म्हणजे डिझाईनवाल्यांनी त्यांच्या कोट्यात स्वतः मशीन उचलायची, काम झालं की सोडायची, आयटीकडे चिठ्ठी पाठवायची गरज नाही. ओपनस्टॅकमध्ये मशीन नोव्हा बघतो, नेटवर्क न्यूट्रॉन, डिस्क सिंडर, लॉगिन कीस्टोन. २०१० मध्ये नासा आणि रॅकस्पेसने सुरू केलं, आज सर्नसारखी (युरोपातली अणुसंशोधन) संस्था वापरते.

दांडियाबाजार:
सर्नकडे ते सांभाळायला माणसं आहेत. इथे व्हॉल्व्हच्या कारखान्यात एकटा माणूस, तोच प्रिंटरचा कागद अडकला की धावणार. तुम्ही मोजलेत त्यातला प्रत्येक भाग वेगळी सर्व्हिस, त्यांच्या पाठीमागे मारियाडीबी हा डेटाबेस, निरोप पोचवायला रॅबिटएमक्यू. रॅबिट रात्री अडकला तर बघणार कोण? फुकट आहे ते लायसन्स, माणसाचा पगार नाही.

मिंटप्रेमी:
नवीन असाल तर लिनक्स मिंट घ्या. मुलीच्या जुन्या लॅपटॉपवर टाकलंय, मस्त पळतंय.

रावपुरा_नेट:
अहो थांबा, इन्स्टॉल कशाने केलं ते धागाकर्त्यांनी अजून सांगितलेलंच नाही. आणि फ्लोटिंग आयपी नेमका कुठला मिळाला?

मकरपुराकर:
डेव्हस्टॅकने केलं, व्हिडिओ बघून. आयपी १७२.२४.४.१५७. ऑफिसचं नेटवर्क १९२.१६८.१ चं. कार्ड एकच आहे. पण याचा काय संबंध?

रावपुरा_नेट:
तोच तर संबंध! १७२.२४.४ ही डेव्हस्टॅकची डीफॉल्ट रेंज, ती त्या सर्व्हरच्या आतच राहते, तुमच्या राऊटरला तिचा पत्ताच नाही. त्या सर्व्हरवर बसून पिंग करा, जाईल. सोमवारपुरतं करायचं तर तुमच्या पीसीवर स्टॅटिक राऊट टाका: १७२.२४.४.०/२४ साठी गेटवे म्हणजे सर्व्हरचा ऑफिसातला आयपी, आणि सर्व्हरवर आयपी फॉरवर्डिंग चालू आहे ना बघा. पण कृपा करून यावर ईआरपी (कारखान्याच्या कारभाराचं सॉफ्टवेअर) चढवू नका. डेव्हस्टॅक डेव्हलपरांना टेस्टिंग करायला बनवलंय, रोजच्या धंद्याला नाही. खरं ओपनस्टॅक चालवायचं तर कोला-अँसिबल वगैरे इन्स्टॉलची साधनं बघा, कंट्रोलर तीन धरा, कार्डं निदान दोन.

अलकापुरी_ताई:
दादा, यावर ठेवणार काय आहात आणि सर्व्हर आहे कुठे? ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदीचं पाणी शिरलं तेव्हा आमचा सर्व्हर तळमजल्यावर होता, रॅकच्या खालच्या अर्ध्यात गाळ भरला होता. रेडचा (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवायची सोय) काही उपयोग झाला नाही, सगळ्या डिस्क एकाच पेटीत बुडाल्या. बॅकअप सुरतेच्या ब्रँचला जात होता म्हणून हिशेब वाचले. आपलं क्लाऊड म्हटलं की वीज, एसी, पाणी, सगळं आपल्याच अंगावर येतं.

मकरपुराकर:
सर्व्हरवरून पिंग गेला!! राऊट टाकल्यावर माझ्या पीसीवरूनपण जातोय, @रावपुरा_नेट लाख लाख धन्यवाद. सर्व्हर दोन आहेत, तळमजल्यावर स्टोअरच्या शेजारी. यावर ठेवायचंय ते ईआरपी आणि टॅली विंडोजवर, शिवाय ड्रॉइंग साधारण ३ टीबी.

दांडियाबाजार:
बघा, दोनच सर्व्हर! माझं ऐका. प्रॉक्समॉक्सच्या क्लस्टरला (जोडलेल्या सर्व्हरच्या गटाला) बहुमत लागतं, दोनातला एक बंद पडला की दुसरा एकटा अडून बसतो, म्हणून एक साधी छोटी मशीन क्यूडिव्हाइस म्हणून तिसऱ्या मताला लावा. सेफच्या (अनेक सर्व्हरवर पसरलेलं स्टोरेज) नादी लागू नका, त्याला निदान तीन सर्व्हर हवेत, तुम्ही झेडएफएस रेप्लिकेशन करा, म्हणजे एका सर्व्हरच्या डिस्कची प्रत ठरावीक वेळाने दुसऱ्यावर जाते. आणि विंडोज टाकताना व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ जोडा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नाही.

खुलास्रोत:
दोन सर्व्हरला ओपनस्टॅक जड होईल, हे मान्य. पण उद्या हालोलला दुसरं युनिट झालं तर? अपाचे क्लाऊडस्टॅक बघून ठेवा, तेही स्वतःचं क्लाऊड उभं करायचं सॉफ्टवेअर, मॅनेजमेंट सर्व्हर एक, भागांचा पसारा कमी, आणि खाती, कोटा सगळं आहे.

लीलो_चेवडो:
अवांतर: मकरपुऱ्यात नेमके कुठे? मीपण तिथेच. शनिवारी सेव उसळीचा कट्टा करायचा का? मंडळी, हात वर करा.

अलकापुरी_ताई:
कट्ट्याला येईन. दादा, आधी सर्व्हर वरच्या मजल्यावर न्या, प्लॅटफॉर्म कुठला ते नंतर भांडा. आणि त्या ३ टीबी ड्रॉइंगची दुसरी प्रत कुठे ठेवलीय?