बदामी-पट्टदकल-ऐहोळे: सासूबाई आणि मुलांसोबत कसं जमवावं?

सुट्टीत घरचे सगळे बदामीला जायचं ठरतंय, मुक्काम तिथेच, गाडी आपलीच. सासूबाईंना बनशंकरीचं दर्शन घ्यायचंय (आमचं कुलदैवत) पण गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत, आणि मुलं "अजून एक देऊळ" म्हटलं की तोंड वाकडं करतात. दोन दिवसांत काय बघावं, काय सोडावं?

डोंगरवेडा: बनशंकरी बदामीपासून जवळच आहे, सकाळी उरकून घ्या. मग लेणी. चढ आहे त्यामुळे आजींना खाली तळ्याकाठी बसवा आणि मुलांना वर न्या. पहिल्या लेण्यात १८ हातांचा नटराज आहे, त्याचे हात मोजायला लावा, हमखास भांडतात. तिसरं लेणं सगळ्यात भारी, शेषावर ऐटीत बसलेला विष्णू, आणि तिथे ५७८ सालचा कोरीव लेखही आहे. माकडांपासून मात्र सांभाळा, हातात खाऊची पिशवी दिसली की गेलीच म्हणून समजा.

पायवाट: आजींसाठी पट्टदकल बेस्ट, बहुतेक देवळं सपाट हिरवळीवर एकाच आवारात. विरुपाक्ष लोकमहादेवी राणीने नवऱ्याच्या, म्हणजे चालुक्य राजा दुसऱ्या विक्रमादित्याच्या कांचीवरच्या विजयासाठी बांधलं आणि शेजारचं मल्लिकार्जुन तिच्या बहिणीने, जी त्याच राजाची दुसरी राणी! ही गोष्ट सांगितली की मुलंसुद्धा ऐकतात. उत्तरेकडची आणि दक्षिणेकडची अशी दोन्ही धाटणीची शिखरं तिथे शेजारीशेजारी दिसतात, फरक त्यांनाच ओळखू द्या. ऐहोळे सोडलंत तरी चालेल, फार देवळं होतात एका दिवसात.

शिलालेखी: ऐहोळे सोडा काय म्हणता राव! पट्टदकलहून फार लांब नाही. सगळी देवळं बघूच नका, मागून गोल असलेलं दुर्ग मंदिर आणि टेकडीवरचं मेगुती एवढंच करा. मेगुतीच्या भिंतीवर रविकीर्ती कवीचा ६३४ सालचा लेख आहे, चालुक्य राजा पुलकेशीने उत्तरेच्या हर्षाला हरवलं ते त्यात आहे आणि ९९ हजार गावांच्या महाराष्ट्राचा उल्लेखसुद्धा. आपल्या मराठी माणसाने तेवढ्यासाठी तरी चढावं. आजींना दुर्ग मंदिराच्या आवारात बसवता येईल.

पायवाट: बरं, मेगुतीपुरतं मान्य. पण मग सकाळी लवकर निघून आधी ऐहोळे करा आणि पट्टदकल परतीच्या वाटेवर ठेवा, टेकडी उन्हात नको.

डोंगरवेडा: आणि संध्याकाळी बदामीत तळ्याच्या पलीकडच्या भूतनाथाकडे जा, मावळतीचं ऊन पडलं की मागचे तांबडे कडे पेटल्यासारखे दिसतात. मुलांना देवळाचं नावच सांगू नका, "तळ्यावर जाऊ" म्हणा.