मार्श, स्वॉम्प, बॉग, फेन: चौघांनाही 'दलदल'च म्हणायचं का?

विचारणा

पर्यावरणावरच्या एका इंग्रजी पुस्तिकेचं मराठी करते आहे. वाचणारी मुलं गोव्यातल्या मराठी शाळांमधली, पाचवी ते सातवीची. एकाच परिच्छेदात मार्श, स्वॉम्प, बॉग आणि फेन असे चार शब्द लागोपाठ आले आहेत. कोश उघडला तर चौघांपुढेही दलदल, पाणथळ, चिखलाची जमीन असंच सापडतं. यांच्यात फरक काय, आणि तो मराठीत दाखवायचा कसा? फोंड्याहून लिहिते आहे. उदाहरणं इथलीच मिळाली तर मुलांना लवकर पटतील.

उत्तर

ताई, प्रश्न फार चांगला विचारलात. रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूससुद्धा हे शब्द एकमेकांच्या जागी वापरतो. पण पुस्तिका पर्यावरणाची आहे, म्हणून तिथं शास्त्रातला अर्थ धरायला हवा. शास्त्रात दोन गोष्टी पाहतात: त्या जागी उगवतं काय, आणि तिथं पाणी कुठून येतं.

मार्श म्हणजे गवत, लव्हाळा, पाणकणीस अशा मऊ देठाच्या वनस्पतींची पाणथळ जागा. मोठी झाडं तिथं नसतात. शब्द जुना आहे. जुन्या इंग्रजीत तो 'मेर्श' असा होता आणि तळं किंवा समुद्र या अर्थाच्या 'मिअर'शी त्याचं नातं आहे. मुलांना दाखवायला कुडचड्याचं नंदा तळं घ्या. महत्त्वाच्या पाणथळ जागांची जी आंतरराष्ट्रीय रामसर यादी आहे, तिच्यात 2022 साली गेलेली ती गोव्यातली पहिली जागा. नावात तळं असलं तरी तिचा बराचसा भाग हंगामी, गोड्या पाण्याचा मार्शच आहे. पाऊस सरल्यावर तिथं पाणी अडवून ठेवतात आणि खालच्या अंगाची भातशेती त्यावर पिकते.

स्वॉम्प म्हणजे झाडांची पाणथळ. याची आपल्याकडे दोन अस्सल उदाहरणं आहेत. चोडण बेटावरचं सलीम अली पक्षी अभयारण्य हा खाऱ्या पाण्यातला मॅन्ग्रोव्ह स्वॉम्प. दुसरं उदाहरण मला अधिक मोलाचं वाटतं: सत्तरीतल्या बांबर गावची निरंकाराची राई. गोड्या पाण्यात उभ्या असलेल्या रानजायफळाच्या झाडांचं हे जुनं देवरान. चिखलात हवा मिळत नाही, म्हणून या झाडांची मुळं गुडघ्यासारखी वाकून चिखलाबाहेर डोकावतात. असे जायफळ-स्वॉम्प पश्चिम घाटात आता थोडेच उरले आहेत. देवाचं रान म्हणून त्याला कुऱ्हाड लागली नाही, हे मुलांना जरूर सांगा.

बॉग आणि फेन ही थंड मुलखातली जोडी. दोन्हीकडे वनस्पती पूर्ण कुजत नाहीत. पाण्याखाली प्राणवायू कमी आणि हवा थंड, त्यामुळे अर्धवट कुजलेला पाला थरावर थर साचत जातो. त्याला पीट म्हणतात. आयर्लंडमध्ये पीटच्या विटा कापून, वाळवून जाळायची रीत आहे. बॉगला पाणी मिळतं ते फक्त पावसाचं, म्हणून ती जागा आंबट आणि निकस असते. तिथं स्फॅग्नम नावाचं शेवाळ माजतं. शब्दही आयरिश आणि स्कॉटिश गेलिकमधून आला. तिकडे 'बॉग' म्हणजे मऊ. डेन्मार्कमध्ये 1950 साली अशाच एका बॉगमध्ये एका माणसाचं शव सापडलं. ते दोन हजार वर्षांहून जुनं आहे, तरी चेहऱ्यावरच्या सुरकुत्या दिसतात. टोलुंड मॅन या नावानं ते ओळखलं जातं.

फेनला जमिनीखालचं पाणी मिळतं. ते क्षार घेऊन येतं, म्हणून फेनमध्ये वनस्पतींची विविधता जास्त. पूर्व इंग्लंडच्या एका मोठ्या प्रदेशाचं नावच 'द फेन्स'. सतराव्या शतकात कॉर्नेलियस व्हर्मायडन या डच अभियंत्याच्या देखरेखीखाली चर खणून तिथलं पाणी काढलं आणि शेती केली. पण पाणी गेलं की पीट आकसतं, झिजतं, आणि जमीन खचते. होम फेन इथं 1851 साली एक लोखंडी खांब जमिनीत गाडला होता, त्याचा माथा जमिनीबरोबर होता. आज तो सुमारे 4 मीटर वर आला आहे. खांब जागचा हललेला नाही, खाली गेली ती जमीन.

आता मराठी. 'दलदल' हा शब्द मी यांतल्या कशालाच देणार नाही. पाऊल टाकलं की रुततं, ती दलदल. तो जमिनीचा गुण झाला, जागेचा प्रकार नव्हे. वेटलँड या व्यापक शब्दाला 'पाणथळ जागा' रुळलेलंच आहे. मार्शला 'गवताळ पाणथळ', स्वॉम्पला 'पाणथळ रान' असं करता येईल. बॉग, फेन आणि पीट मात्र देवनागरीत तसेच ठेवा आणि एका ओळीत समजावून सांगा. जी वस्तू आपल्या मातीत नाही तिला ओढूनताणून नाव देण्यात मुलांचा काही लाभ नाही.

भर

सर, एक भर घालतो. ताई, पुस्तिकेत पुढं 'सॉल्ट मार्श' हा शब्द आला असेल. त्याचं 'खाजण' करू नका. पुष्कळ जण करतात. दुर्भाटला आमची खाजणं आहेत, म्हणून हे मनाला लागतं.

सॉल्ट मार्श आपोआप होतो. भरतीचं पाणी येतं आणि जातं, खारं सोसणारं गवत वाढतं. खाजण माणसानं घडवलेलं. खाडीच्या बाजूनं चिखल, पेंढा, बांबू आणि चिऱ्याचा बांध घालायचा, त्यात लाकडी दारांची 'मानस' बसवायची. भरती चढली की पाण्याच्या रेट्यानं दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबानं उघडतात. आत 'पोंय' असते, जास्तीचं पाणी आणि मासळी तिथं जमते. पावसात खारेपणा धुऊन निघाला की कोरगूट, आसगो ही खारं सोसणारी भातं पेरतात. मानशीवरच्या मासळीची पावणी, म्हणजे लिलाव, होते. गोव्यात अशी सुमारे 18 हजार हेक्टर जमीन आहे. बांधाला एक भोक पडलं आणि वेळेवर बुजवलं नाही, तर खारं पाणी आत घुसून अख्खं शेत जातं आणि काही वर्षांत तिथं खारफुटी उभी राहते. आमच्याकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, 'मानगे थापणी' म्हणतात. बांधावर काम करणाऱ्याचा आणि खाडीतल्या मगरीचा शेजार किती जुना आहे ते यावरून कळावं.

ओहोटीला नुसता चिखल उघडा पडतो आणि बाया तिथं खुबे वेचतात, तो मडफ्लॅट. त्यावर गवतही नसतं. त्याला 'ओहोटीचा चिखलपट्टा' म्हणा, मुलांना लगेच कळेल.

उत्तर

भाऊंनी नेमकं सांगितलं. हा भेद कागदावरही फार महत्त्वाचा आहे. रामसर करार 2 फेब्रुवारी 1971 चा, भारत त्यात 1982 साली आला. त्या कराराच्या वर्गवारीत भातशेत आणि मिठागर हेसुद्धा पाणथळ जागांचे प्रकार आहेत. आपल्या देशाच्या 2017 च्या पाणथळ नियमांनी मात्र व्याख्येतून भातशेतं वगळली, मिठासाठी केलेली बांधकामंही वगळली. म्हणजे शिरदोनचं मिठागर किंवा दुर्भाटचं खाजण शास्त्राला वेटलँड, आणि या नियमांना नाही. खाजणाला आधार मिळतो तो किनारी नियमन क्षेत्राच्या 2011 च्या अधिसूचनेचा. तिच्यात गोव्यासाठी वेगळी तरतूद असून खाजण जमिनींचा नावानिशी उल्लेख आहे.

म्हणूनच भाषांतरात खाजणाला 'दलदल' लिहिलेलं मला सोसत नाही. दलदल म्हटली की ती भरून काढावी असंच वाचणाऱ्याला वाटतं. भराव टाकणाऱ्याला याहून सोयीचा शब्द मिळणार नाही.

आपली जुनी परंपरा या बाबतीत पुष्कळ सावध होती. अमरकोशात 'जलप्रायमनूपं स्यात्' असं आहे. पाण्यानं भरलेला मुलूख तो 'अनूप', आणि लगेच पुढं त्याच अर्थाचा 'कच्छ'. आयुर्वेदानंही देशाचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन प्रकार केले. आनूप देशातलं पाणी, धान्य, मासळी, तिथल्या माणसांची प्रकृती, सगळ्याचा विचार केला.  गोव्यातला शेतकरी आजही शेताला खाजण, खेर, मोरड अशी नावं देतो: खाडीकाठचं खारं, मधल्या पट्ट्यातलं रेताड आणि वरच्या अंगाचं. इंग्रजीचे चार प्रकार झाडोऱ्यावर आणि पाण्याच्या वाटेवर ठरले, आपले खारेपणावर आणि पिकावर. दोन्ही ज्ञानच आहे. मुलांना दोन्ही द्या, एकावर दुसरं दाबून बसवू नका.

उपप्रश्न

दोघांचे आभार. प्रस्तावनेत हेच शब्द अलंकारिक अर्थानं आले आहेत: 'बॉग्ड डाउन', 'स्वॉम्प्ड', 'क्वॅगमायर', 'मोरास'. तिथं काय करू? शिवाय एका चौकटीत मार्शमॅलो आहे. मुलं नक्की विचारणार, मिठाईचा आणि मार्शचा संबंध काय.

उत्तर

तिथं चिखल सोडून मराठी वळण धरा. चर्चा तपशिलात बॉग्ड डाउन झाली, तर 'तपशिलातच रुतून बसली'. कामानं स्वॉम्प्ड, तर 'डोकं वर काढायला सवड नाही'. क्वॅगमायरमधला 'क्वॅग' म्हणजे थरथरणं, पायाखाली हलणारी जमीन. सुटायला जावं तर अधिक अडकावं अशी अवस्था त्यात असते, आणि मराठीत त्यासाठी 'पाय खोलात जाणे' तयार आहे. मोरास डचमधून आला. कायद्याचा किंवा कागदपत्रांचा मोरास असेल तर 'जंजाळ' म्हणा. एक जपा: 'गाळात जाणे' इथं वापरू नका. धंदा गाळात गेला म्हणजे बुडाला, अडकला नव्हे.

मार्शमॅलो हे आधी झाडाचं नाव. युरोपातल्या मार्शच्या काठी वाढणारी मॅलो, जास्वंदीच्या कुळातली. युनानी औषधांत तिला खत्मी म्हणतात. तिच्या मुळाच्या चिकट रसात साखर घालून पूर्वी ही मिठाई करत. आता त्या जागी जिलेटिन आलं, नाव तेवढं राहिलं. चौकटीला एवढी माहिती पुरे.